चारातला एक

आमच्या कळसमध्ये लग्न झालेल्या मुलीला दोनच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. पहिलं मूल होईपर्यंत "काय बातमी?" आणि ते झालं की "दुसरं कधी?" मधल्या काळात तिला ताप येवो, उलटी होवो की तिनं नुसती कैरी खावो, गाव ते सगळं बातमीच्याच खाती जमा करतं. स्वतःच्या विहिरीत पाणी किती उरलं हे ज्यांना सांगता येत नाही, ती माणसं दुसऱ्याच्या सुनेचे महिने मात्र बिनचूक सांगतात!

अनिताला हा दुसरा प्रश्न कधीचाच विचारला जात होता, आणि त्यात खंड पडू न देण्याची जबाबदारी शेजारच्या बनाबाईंनी आपणहून उचलली होती.

"आगं, एक लेकरू म्हंजी काय लेकरू? त्यात तुझं ते असलं... नाजूक," बनाबाई म्हणायच्या. 'नाजूक' म्हणताना त्या आवाज खाली आणायच्या, म्हणजे तो पलीकडच्या गल्लीत नीट ऐकू जायचा.

"काकू, त्याचं नाव अविराज हाय," अनिता म्हणायची आणि धुण्याची बादली उचलून आत जायची.

अविराज पाच वर्षांचा होता. त्याला थॅलेसेमिया होता, आणि तोही मोठा. म्हणजे त्याच्या शरीराला स्वतःपुरतं चांगलं रक्त बनवता येत नव्हतं. दर तीन आठवड्यांनी त्याला बारामतीला नेऊन रक्त चढवावं लागे. बाहेरच्या रक्तानं अंगात लोह साठतं, ते काढायला रोज गोळी, आणि गोळीवर एक चॉकलेट. एवढं केलं की पोरगं शाळेत जाई, मारामाऱ्या करी आणि इतर पोरांइतकंच खोटंही बोले.

आजार कळला तेव्हाच डॉक्टरांनी अनिता आणि तिचा नवरा संदेश, दोघांचं रक्त तपासून समजावलं होतं. दोघेही वाहक. स्वतःला काही त्रास नाही, पण दोघांच्या रक्तात दोष लपलेला. आईकडूनही तो आला आणि बापाकडूनही आला, तर मूल आजारी. प्रत्येक मुलाच्या वेळी ही शक्यता चारात एक.

हे 'चारात एक' घरी आलं आणि तात्यांच्या हाती पडलं. तिथून सगळा घोळ झाला.

तात्या म्हणजे संदेशचे वडील, जोतीराम. पाणीवापर संस्थेचे चेअरमन. कालव्याची चारी जिथं संपते तिथं आमचं गाव, म्हणजे पाणी थोडं आणि फावडी फार. पण तात्यांच्या कारकिर्दीत चारीवर कुणाचं डोकं फुटलं नाही, कारण नंबर म्हणजे नंबर. ज्याचा नंबर होऊन गेला त्यानं आपल्या पाण्याचं दार पाडायचं आणि बाकीच्यांचं भिजेपर्यंत बांधावर बसून बिडी ओढायची. मग तो आमदाराचा पाहुणा असो.

तात्यांनी तोच कायदा घरात लावला.

"चारात एक म्हणल्यावर झालं की!" जेवताना त्यांनी भाकरीचे चार तुकडे करून ताटात मांडले आणि एक बाजूला सारला. "आपला नंबर पहिल्यालाच लागून गेला. आता तीन मोकळं हायती. घाबरायचं काय कारान?"

हिशेब चोख होता. खातं तेवढं चुकलं होतं.

संदेश शेतकी पदवीधर. त्याला हे पटायला नको होतं. पण माणसाला जे हवं असतं त्याच्या बाजूचा पुरावा त्याला लवकर पटतो, मग पदवी कुठलीही असो. "तात्या म्हणतात त्यात तथ्य असेल गं," असं तो हळूच म्हणू लागला.

सासू सारजाबाई मात्र गप्प असायच्या. अनिता त्यांच्या सख्ख्या भावाची लेक. 'मामाची पोरगी घरात आली की घर एकजीव राहतं,' असं म्हणून त्यांनीच हे लग्न जुळवलं होतं. अविराजचं कळल्यापासून तात्या येताजाता म्हणायचे, "ही तुझ्या म्हायेरची देणगी. डब्बल देणगी! एकदा तुझ्याकडनं, एकदा भावाकडनं." सारजाबाईंनी ते खरं मानलं होतं. सोमवार धरला होता आणि आंबा सोडला होता. ज्या बाईनं हयातभर आंब्याच्या दिवसांत दुसरी भाजी मागितली नाही, तिनं आंबा सोडला!

आणि अनिता? तिला दुसरं मूल नको आहे असं गाव समजत होतं. खरं तर तिला ते फार हवं होतं. अविराजची झबली तिनं कुणाला दिली नव्हती. पण दर तीन आठवड्यांनी ज्या लहानशा हाताची शीर नर्सच्या आधी आपल्याला दिसते, तसा आणखी एक हात आपण जगात आणायचा का, या प्रश्नाशी ती येऊन थांबत होती. आणि तिथं तिच्याजवळ कुणीच उभं नव्हतं. सगळे भाकरीचे तुकडे मोजत होते.

त्या उन्हाळ्यात तात्यांनी विषय फारच ताणला. "माझ्या डोळ्यांदेखत व्हावं. किती दिस वाट बघायची?"

अनितानं हातातली पळी खाली ठेवली. "तात्या, तुमचा हिशोब बरूबर असंल तर मी मुकाट्यानं ऐकते. पण तो बारामतीला डॉक्टरांम्होरं मांडा. परवा अविराजला न्यायचंच हाय."

"मांडतो की! डॉक्टरला काय भितो का मी?"

तात्या आजवर एकदाही नातवाबरोबर दवाखान्यात गेले नव्हते. कधी बागेला फवारणी असे, कधी संस्थेची मीटिंग. या वेळी बोलून बसल्यामुळे जावं लागलं. सारजाबाईही निघाल्या.

वॉर्डात शिरल्या शिरल्या अविराज स्वतःच पलंगावर चढला. उशी नीट केली आणि उजवा हात पुढं धरला. "मॅडम, ह्या हाताला द्या. मागच्या येळला डाव्याला दिलं होतं."

सुई गेली. पोरानं ओठ आवळले, सोडले. तात्या खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर फक्त भिंत होती.

डॉक्टर सुप्रिया आल्या. वय पस्तिशीचं, चालणं भरभर. तात्यांनी आधी आपली चौकशी उरकली. "कुठल्या तुमी?"

"कोऱ्हाळे बुद्रुकची. वडील ऊस करतात."

"मग घरच्याच म्हणायच्या," तात्या सैल झाले आणि त्यांनी नंबराचा सिद्धांत मांडला. अगदी पद्धतशीर, वार्षिक सभेत मांडतात तसा.

डॉक्टरांनी मधे तोंड घातलं नाही. हसल्याही नाहीत. मग विचारलं, "तात्या, तुमची बाग कशाची?"

"डाळिंब."

"गेल्या साली गारपीट झाली होती तुमच्याकडं."

"झाली म्हंजी? झोडपून काढलं! आख्खा बहार जमिनीवर. आन बांधाला बांध लागून आबाजीची बाग हाय, तिला धक्का न्हाय."

"मग यंदा ढग आले तेव्हा तुम्ही निवांत झोपला असाल. तुमचा नंबर होऊन गेला होता. आता आबाजींचा."

"असं कुठं असतंय, बाई!" तात्या उसळले. "गारंला काय नंबर असतोय व्हय? गेल्या साली पडली म्हणून यंदा सोडंल का ती..."

आणि तात्या थांबले.

वॉर्डात रक्ताची पिशवी थेंबाथेंबानं रिकामी होत होती. तात्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. आपलंच वाक्य आपल्याच अंगावर आलेला माणूस कसा दिसतो, हे बघायचं असेल तर तो चेहरा बघायला हवा होता.

"ह्यालाही नंबर नसतो, तात्या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "दर खेपेला शक्यता नव्यानं चारात एक. पहिलं मूल आजारी होतं, हे दुसऱ्याला कुणी सांगत नाही. चारही निरोगी होतील किंवा चारही आजारी. दोन्ही घरं मी बघितली आहेत."

"म्हंजी सरळच म्हणा की, लेकरू होऊ देऊ नका!"

"मी कुठं म्हटलं तसं? अविराज एकटा पुरेसा आहे असं या दोघांना वाटलं, तर ते बरोबर. दत्तक घ्यावंसं वाटलं, तेही बरोबर. आणि स्वतःचं मूल हवं असेल, तर तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला गर्भाच्या वारेचा थोडा नमुना काढून तपासता येतो. बाळाला हा आजार आहे की नाही, ते कळतं. तेवढंच! मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही आणि कुणी विचारायचंही नाही. त्या तपासणीतही थोडी जोखीम असते, तीही सांगेन. पण ठरवायचं या दोघांनी. आणि त्यातही पहिला शब्द हिचा." त्यांनी अनिताकडे बोट केलं. "तुमचा नाही. माझासुद्धा नाही."

अनितानं मान वर केली. हा शब्द आपला आहे, असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तात्यांना मात्र हरल्यासारखं झालं. हरलेला चेअरमन जे करतो तेच त्यांनी केलं, दुसऱ्याच्या नावावर खर्च टाकला. "हे समदं हिच्या म्हायेरच्या रक्तापायी झालं," ते सारजाबाईंकडे न बघता म्हणाले.

"कुणी तपासलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तपासायचं काय त्यात? मामाची पोरगी केली..."

"नात्यात लग्न केलं की धोका वाढतो, हे खरं. एकाच घरचा दोष दोन्हीकडून येऊ शकतो. पण वाहक नात्याबाहेरही कितीतरी असतात. संदेशला हे सारजाबाईंकडून आलं असेल किंवा तुमच्याकडून. न तपासता कसं सांगता? डाळिंबाची रोपं आणताना विचारता ना, तपासलेली आहेत का म्हणून?"

"इचारतो तर! रोगट रोप कोण घेईल?"

"आणि सोयरीक करताना कुणी काय विचारलं?"

सारजाबाई उठल्या. पदर सावरला आणि बाही वर केली. "माझं घ्या, बाई. काय असंल ते एकदा समोर येऊ द्या."

आता तात्यांची पंचाईत झाली. "माझं कशाला? मी ठणठणीत हाय. साठी उलटली, आजवर सुई टोचून घेतली न्हाय मी."

पलंगावरून अविराजचा आवाज आला, "तात्या, फार दुखत न्हाय. तिकडं बघायचं न्हाय फकस्त."

तात्यांनी निमूट बाही वर केली.

तीन आठवड्यांनी पुन्हा बारामती. डॉक्टरांनी दोन कागद समोर ठेवले. सारजाबाई पूर्ण निर्दोष. तात्या वाहक!

"परत बघा," तात्या म्हणाले. "कागद बदलला असंल."

"दोनदा बघितलं, तात्या. संदेशला हे तुमच्याकडूनच आलं. अनिताला तिच्या घरातून आलं, पण सारजाबाईंमधून ते या घरात आलेलं नाही. म्हणजे संदेशनं थेट परगावची, नात्याबाहेरची मुलगी केली असती आणि ती वाहक निघाली असती, तरी हेच झालं असतं. यात तुमची चूक नाही. कुणाचीच नाही. रक्त काय कुणी निवडून आणतं?"

तात्या जागच्या जागी लहान झाल्यासारखे दिसले. इतक्या वर्षांचे टोमणे, 'डब्बल देणगी'चे, सगळे एका कागदावर व्याजासह परत आले होते. आता सारजाबाई काय बोलतील? रडतील? भांडतील?

सारजाबाईंनी बराच वेळ कागदाकडे बघितलं. अक्षर वाचता येत नव्हतं, तरी बघितलं. मग म्हणाल्या, "अवो, घरी जाताना बाजारात गाडी थांबवा. आंबं घ्या."

डॉक्टरांना काही कळलं नाही. अनिताला कळलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

त्या दिवशी तात्यांनी पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली. घरी आल्यावर पहिला आंबा स्वतःच्या हातानं पिळून बायकोपुढं ठेवला. वाटीत कोय तशीच होती, पण माफी मागायची सवय नसलेल्या माणसाकडून यापेक्षा जास्त काय मिळणार?

मग ते अनितासमोर आले. "पोरी, माझं चुकलं. तू व्हय म्हणलीस तरी बरं, न्हाय म्हणलीस तरी बरं. ह्या घरात तुला त्यावर कुणी इचारणार न्हाय. आदी मीच न्हाय."

दुसऱ्या दिवशी अनिता संदेशला बागेत घेऊन गेली. घरात भिंतींना बनाबाई असतात.

"मला हवंय," ती म्हणाली. "पण माझ्या अटीवर. तपासणी करायची. आणि वाईट निघालं तर पुढं न्यायचं नाही, हे आज ठरवायचं. तेव्हा रडू, पण ठरलेलं मोडायचं नाही."

संदेश मातीचं ढेकूळ फोडत बसला. "आणि तसं झालं तर... अविराजकडं बघवेल का गं? त्यालापण आपण तेव्हा..."

"मीपण हाच विचार करत होते," अनिता म्हणाली. "पण अविराज आला, तो आपला. त्याला रक्त, गोळ्या, शाळा, कशात कमी करायचं नाही. तो नको होता असं मी कधी म्हणणार नाही. पण माहीत असताना आणखी एका लेकराचा हात सुईपुढं धरायचा, ते माझ्यानं होणार नाही. एखादीला जमत असेल. तिचं बरोबर, माझंही बरोबर." ती थांबली. "एकदाच प्रयत्न करू. नाही झालं तर अविराज मला पुरेसा आहे. पुरून उरेल असा आहे!"

संदेशनं मान हलवली. अविराजचा आजार कळल्यापासून पहिल्यांदा ते दोघं एकाच बाजूला उभे होते.

दिवाळीनंतर दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात दोघं तपासणीला पुण्याला गेली, आणि गाडी गावाच्या वेशीबाहेर पडायच्या आत गावानं निकाल लावला.

"पुण्याला कशाला जातंय कोणी?" बनाबाई म्हणाल्या. "पोरगा का पोरगी, तेच बघाया! पयलं असलं झालं, आता पोरगाच पायजे आसंल."

बोलणं पसरत पसरत पाणीवापर संस्थेच्या मीटिंगपर्यंत गेलं. कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, कुणीतरी हसलं. तात्यांनी ते ऐकलं. आता इथं गप्प बसणं सोपं होतं. आजवर याच माणसांसमोर त्यांनी आपलं घराणं, आपली तब्येत, आपलं रक्त यांचे दाखले दिले होते.

तात्या उभे राहिले. "पाण्याचा इषय बाजूला ठेवा जरा. माझी सून तपासणीला गेली हाय, ती आजारासाठी. पोरगा-पोरगीसाठी न्हाय. आन तो आजार तिनं आणला न्हाय, माझ्या बायकोनं आणला न्हाय. माझ्या रक्तात हाय! ह्या जोतीरामच्या! इतकी वर्सं मी बायकोला बोल लावला, आन निघालं माझ्यातच. आता हसायचं तर मला हसा."

कुणी हसलं नाही. चेअरमन स्वतःची पत उघड्यावर मांडतो, असं त्या खोलीत कधी घडलं नव्हतं. आबाजी तेवढे पुटपुटले, "ह्याला म्हणतात छाती."

निकाल यायला वेळ लागला. ते दिवस त्या घरानं कसे काढले ते विचारू नका. सारजाबाईंच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडायचं आणि कुणी तक्रार करायचं नाही. संदेश बागेत जायचा आणि कात्री घरी विसरायचा. अनिता अविराजचा अभ्यास घ्यायची आणि तोच तिच्या चुका काढायचा.

एका दुपारी फोन वाजला. डॉक्टर सुप्रिया. अनितानं फोन कानाला लावला आणि ओटीवर सगळे तिच्याभोवती जमले.

"अनिता, तात्यांना सांग," पलीकडून आवाज आला, "बाळ त्यांच्यावर गेलंय. वाहक आहे. आजारी नाही!"

अनितानं ते शब्द मोठ्यानं म्हटले.

"माझ्यावर?" तात्या दचकले. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "माझ्यावर! म्हंजी ठणठणीत! साठी पार करणार म्हणा की!"

संदेश लहान पोरासारखा ओरडला. सारजाबाईंनी अनिताला जवळ ओढलं, ती आता सूनही होती, भाचीही होती आणि तिच्यावर कसलंच ओझं नव्हतं. अविराजला एवढंच समजलं की भाऊ किंवा बहीण येणार आहे, आणि त्यानं लगेच विचारलं, "बाळाला गोळी खावी लागंल का?"

"न्हाय रे राजा."

"मग माझ्या गोळीचं चॉकलेट बाळाला द्यायचं न्हाय," अविराजनं ठणकावलं. आणि सगळं घर पोट धरधरून हसलं.

पावसाळ्यात मुलगी झाली. संस्कृती. ज्यांनी पुण्याच्या वारीचा वेगळाच अर्थ लावला होता, त्यांची तोंडं आपोआप मिटली.

बारशाला सगळं गाव आलं. पाळण्याची गाणी झाली, घुगऱ्या वाटल्या, आणि बायकांच्या गर्दीतून बनाबाई अनिताच्या कानाशी आल्या. "आगं, आमच्या विजयसिंहाचं लगीन ठरतंय," त्या कुजबुजल्या. नातवाचं नाव घेताना त्यांनी आज खरोखरच आवाज खाली आणला होता. "माझ्या लेकीचीच पोरगी करायचीय. घरातल्या घरात. ते रगत... कुठं बघत्यात गं? कुणाला कळाया नको पर."

अनिता बाळाला घेऊन ताठ बसली. तिला टोमणा मारता आला असता. हक्कच होता तिचा! पण तिनं तो सोडून दिला.

"काकू, कुजबुजता कशाला? यात लाजायचं काय?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "विजयसिंहाचं तपासायचं, पोरीचंपण तपासायचं. साधी रक्ताची तपासणी असती. दोघांत एक जरी निर्दोष निघाला, तरी ह्या आजाराची भीती न्हाय. दोघंबी वाहक निघाली, तर डॉक्टर समजावतील, मग लगीन करायचं का न्हाय, पोरं कशी होऊ द्यायची, ते त्यांचं त्यांना डोळं उघडं ठेवून ठरवू द्या. आमी अंधारात होतो, तसं त्यांनी का ऱ्हावं?"

मग एक जण म्हणाली, "माझ्याबी पोरीचं बघायचंय." दुसरी म्हणाली, "उपाशीपोटी जायचं का गं?" बाहेरच्या मांडवातून तात्यांचा आवाज आला, "उपाशी कशाला? माझं जेवूनच काढलं होतं! इचारा मला, इचारा!"

वाचकहो, आपण घर बांधताना माती बघतो, रोप लावताना नर्सरी बघतो, सोयरीक करताना जमीन, भावकी, पत्रिका सगळं उलटंपालटं करून बघतो. फक्त जे पुढच्या पिढीच्या अंगात वाहणार आहे ते बघायला आपल्याला लाज वाटते! रक्तात काय आलं, हा कुणाचा गुन्हा नसतो. ते माहीत करून न घेणं आणि त्याचं खापर घरातल्या बाईवर फोडणं, हा मात्र गुन्हाच. लग्नाआधी तपासा. तपासलेलं लपवू नका. आणि मूल हवं की नको, हा निर्णय ज्या दोघांना ते मूल वाढवायचं आहे, त्यांच्यावर सोडा. त्यातही जिच्या पोटी ते वाढणार आहे, तिचा शब्द आधी ऐका.

त्या दिवशी कळसमध्ये तिचा शब्द आख्ख्या मांडवानं ऐकला!